‘लो अँगल’ला मराठीत काय म्हणायचं?

परभणीत दर शनिवारी मी आठवी-नववीच्या मुलांना मोबाइलवर छोट्या फिल्म करायला शिकवते. परवा फळ्यावर ‘लो अँगल : निम्न कोन’ (कॅमेरा खाली ठेवून वर बघत घेतलेला शॉट) असं लिहिलं, तर एका मुलीनं विचारलं, “मॅडम, किती अंशाचा?” तिचं काही चुकलं नाही. कोन म्हटलं की मुलांना कंपासपेटीच आठवणार.

खरा पेच नंतर पडला. तिनंच घरी घेतलेला शॉट दाखवला. आजी चुलीपुढं बसून ज्वारीची भाकर थापतेय आणि मोबाइल पाटावर, तांब्याला टेकवून ठेवलेला. म्हणाली, हा लो अँगल. आता लो अँगलनं माणूस मोठा, जरबेचा दिसतो असं आपण शिकवतो. आजी तशी मुळीच दिसत नव्हती. आपण तिच्या शेजारी बसलोय आणि तव्यावरची भाकर ती आपल्याच ताटात टाकणार, असं वाटत होतं. मोबाइल खाली होता, पण वर बघत नव्हता.

म्हणजे कॅमेरा किती उंचीवर आहे ही एक गोष्ट आणि त्याची नजर कुठं वळलीय ही दुसरी. ‘लो अँगल’ या शब्दात दोन्हींची सरमिसळ होते. जपानी दिग्दर्शक ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) कॅमेरा जमिनीलगत असतो, पण मान वर करून बघत नाही. चटईवर बसलेल्या माणसांच्या घरात तोही बसलेला असतो. उलट ‘सिटिझन केन’ या अमेरिकी चित्रपटात (१९४१) निवडणूक हरलेल्या केनचा प्रसंग घेताना दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी जमीन खोदून कॅमेरा खाली उतरवला. त्यात केन डोंगराएवढा दिसतो, डोक्यावर छत दिसतं, आणि माणूस तर पार हरलेला आहे. मग ‘खालून म्हणजे मोठेपणा’ हा अर्थही दरवेळी लागू पडत नाही.

या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द हवेत. सुचवाल का?

प्रतिसाद :
ताई, मी लातूरकडं लग्नाची शूटिंग करतो, वीस वर्षं झाली. आमच्यात कुणी निम्न कोन म्हणत नाही. पोराला सांगायचं तर ‘खालून घे’ नाहीतर ‘बसून घे’. दोन्ही वेगळं आहे, पोरांना बरोबर कळतं. नवरदेव घोड्यावर असला की खालून. कन्यादानाला बसून.

हे मी चुकून शिकलो. पहिल्या-पहिल्यांदा मी सगळं उभ्यानंच घ्यायचो. एका लग्नात नवरीचा बाप जावयाचे पाय धूत होता. घरी येऊन बघितलं तर नुसता फेटा आणि वाकलेली पाठ. माणूस लहान होऊन गेला होता. पुढच्या लग्नात मी चौरंगाजवळ गुडघे टेकून बसलो, तर बापाचे डोळे आले, भरलेले. तेव्हापासून कन्यादान उभं राहून घेतलं नाही.

टॉप शॉटला गावाकडं आम्ही ‘माळवदावरून घे’ म्हणायचो, कारण खरंच माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढून घ्यायचो. आता ड्रोन आला, पण तोंडात तोच शब्द आहे.

प्रतिसाद :
‘बसून’ हा शब्द मला फार आवडला. त्यात कॅमेऱ्याची जागा आहे आणि समोरच्या माणसाशी नातंही आहे.

‘खालून’ आणि ‘वरून’ यांतला फरक मुलांना दाखवायचा असेल तर वेरूळच्या कैलास लेण्यात न्या. अंगणात उभं राहिलं की जोत्यावरचे हत्ती अंगावर येतात आणि शिखरासाठी मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. मग बाजूच्या डोंगरावर चढून कड्यावरून खाली बघा. मंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह दिसतात, जे अंगणातून दिसतच नाहीत. ते लेणं वरून खाली कोरत आणलंय, हे तिथं उभं राहिल्यावर पटतं. वरून बघितलं की वस्तू लहान, बापुडी दिसते असं म्हणतात. कैलास तसा दिसत नाही, उलट तिथंच उलगडतो.

जाता जाता ‘डच अँगल’बद्दल. याचा हॉलंडशी संबंध नाही. जर्मन या अर्थाच्या ‘डॉइच’चं ते रूप मानतात. चौकटच एका बाजूला झुकवलेली असते. ‘तिरका’ नको, तिरकं बोलणं म्हटलं की टोमणा डोक्यात येतो. ‘वाकडा’ म्हटलं तर चुकलंय असं वाटतं. ‘कलती चौकट’ कसं वाटतं? पारडं कलतं, दिवस कलतो. तोल जाण्याच्या बेतात आहे, अजून गेला नाही. तो शॉट नेमकं हेच सांगतो.

मूळ प्रश्न विचारणारी :
दादा, तुमचं कन्यादान मी या शनिवारी वर्गात जसंच्या तसं सांगितलं. ‘निम्न कोन’ पुसून टाकला. ‘कलती चौकट’ही फळ्यावर घेतली, मुलांना समजावून सांगावी लागली नाही. ‘क्लोजअप’ मात्र तसाच ठेवला. ‘समीपदृश्य’ कुणाच्या तोंडी बसेना, आणि ‘जवळून’ म्हटलं की मुलं मोबाइल घेऊन नाकापर्यंत जातात.

त्या मुलीनं आपल्या वहीत शॉटची यादी पुन्हा लिहून आणली. पहिली ओळ अशी : आजी, भाकर, बसून, समोरून.