मदत हवी आहे: ऑनबोर्ड (मदरबोर्डवरचाच) ऑडिओ सोडून साउंड कार्ड घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

रात्री निजानीज झाली की हेडफोन लावून जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणं हा माझा रोजचा विसावा. पण काही महिन्यांपासून एक गोष्ट छळते आहे. आलापात दोन स्वरांमध्ये जी शांत जागा असते, तिथे मागे बारीक चिरचिर ऐकू येते. माउस हलवला की तिचा सूर बदलतो, आणि गेम चालू करून ग्राफिक्स कार्डवर ताण आला की ती चक्क गुणगुणायला लागते. एकदा ती कानात बसली की गाणं बाजूलाच राहतं, कान तिचाच माग काढत बसतो.

ड्रायव्हर नव्याने टाकून पाहिला, काही उपयोग नाही. साउंड सेटिंगमध्ये माइक आणि लाइन-इन म्यूट केले, सळसळ थोडी उतरली. मग हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागे, थेट मदरबोर्डच्या हिरव्या जॅकला लावला आणि चिरचिर जवळजवळ गेली! कॅबिनेट उघडलं तर पुढच्या जॅकची वायर बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातून निघून ग्राफिक्स कार्डच्या पोटाखालून गेलेली.

तरी प्रश्न सुटलेला नाही, कारण आवाज पुरत नाही. हेडफोन २५० ओहमचा आहे (हा त्याचा विद्युत अवरोध, म्हणजे इम्पीडन्स). विंडोजचा व्हॉल्यूम १०० वर नेला तरी जुनी ध्वनिमुद्रणं दबलेलीच वाटतात. इक्वलायझरमधून वाढवलं तर चढ्या जागी आवाज फाटतो.

म्हणून साउंड कार्डचा विचार करतोय. पण पीसीआय एक्सप्रेसचा एकच छोटा स्लॉट मोकळा आहे, तोही ग्राफिक्स कार्डच्या पंख्यांना खेटून. म्हणजे हवा अडणार, आणि ज्या गोंगाटापासून पळायचं त्याच्याच शेजारी बिऱ्हाड. दुसरा पर्याय बाहेर ठेवायचा यूएसबी डॅक-ॲम्प, म्हणजे डिजिटल संकेताचा ध्वनिसंकेत करून तो वाढवणारी पेटी. मी रेकॉर्डिंग करत नाही, गेम अधूनमधून, सराउंडची हौस नाही. अशा वापरात कार्डाचा काही वेगळा फायदा आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
मागच्या जॅकला लावून पाहिलंत हे फार बरं केलंत, अर्धं निदान तिथेच झालं. मदरबोर्डवरच्या ऑडिओ चिपचा दोष दिसत नाही, वायर जाते ती वाट वाईट आहे. आवाज कमी पडतो तो व्होल्टेजमुळे. जास्त ओहमच्या हेडफोनला तेच लागतं, आणि ते ॲम्पचं काम.

पूर्वी गेममधल्या ध्वनीची आकडेमोड कार्डावरच्या चिपवर व्हायची, तेव्हा कार्ड घ्यायला वेगळं कारण होतं. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंडचं (विंडोजमधली गेमच्या ध्वनीची व्यवस्था) ते काम सॉफ्टवेअरकडे दिलं. तुमच्या वापराला मी बाहेरचाच डॅक-ॲम्प घ्या म्हणेन.

फक्त एक बघा. यूएसबीच्या वायरीतून कॅबिनेटचा ग्राउंडही बाहेर येतो. एकट्या हेडफोनला सहसा त्रास होत नाही, पण पुढे स्वतःचा वीजपुरवठा असलेले स्पीकर जोडलेत तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलेल्या ग्राउंडचं वेटोळं) होऊन गुणगुण परत येऊ शकते. मदरबोर्डला ऑप्टिकल आउट असेल तर ऑप्टिकल इन असलेलाच डॅक पाहा. त्या वायरीतून नुसता प्रकाश जातो, वीज नाही. आणि कधी ३२ ओहमचा हेडफोन घ्यायचा विचार असेल तर ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स (त्याचा स्वतःचा अवरोध) ४ ओहमच्या आत असू द्या, नाहीतर काही हेडफोनचा खर्ज उगाच फुगतो.

धागाकर्ता:
मनापासून आभार! आत्ताच मागे वाकून पाहिलं, ऑप्टिकलचं तोंड आहे, आत तांबडा उजेडही दिसतो. एकच शंका: मग विंडोजचा व्हॉल्यूम १०० वर ठेवून आवाज ॲम्पच्या नॉबवरच कमीजास्त करायचा ना?

प्रतिसाद:
हो, तसंच. पण पहिल्यांदा लावाल तेव्हा नॉब पूर्ण खाली आणून मगच हेडफोन कानाला लावा.