1,800 कनेक्शनसाठी राउटर: मायक्रोटिक की ज्युनिपर?

तालुकानेट
माझ्याकडे इंटरनेटची 1,800 कनेक्शन, रात्री साडेनऊला साधारण 4 जीबीपीएस ट्रॅफिक. सध्याचा डबा (ब्रँड सांगत नाही, उगाच मारामारी नको) आठ-दहा दिवसांतून एकदा आपोआप रीबूट होतो. मग सगळी घरं एकदम पीपीपीओई (नेटचं लॉगिन) डायल करतात, सीपीयू 100 टक्क्यांवर जातो आणि माझा फोन थांबत नाही. भागीदार म्हणतो मायक्रोटिकचा सीसीआर2116 घेऊ. मला सेकंडहँड का होईना, ज्युनिपरचा एमएक्स204 हवाय. पीपीपीओई आणि क्यू (प्रत्येकाच्या स्पीडची मर्यादा) सीपीयूवर ओढणारा डबा मी तरी धंद्याला लावणार नाही.

फायबरबुवा
एवढ्याशा लोडला एमएक्स204? त्यात सर्व्हिस कार्डाला जागाच नाही, म्हणजे सीजीनॅटसाठी (एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटायला) आणखी एक डबा. सबस्क्रायबर लायसन्स वेगळं. आणि सेकंडहँड मालाला सपोर्ट कोण देणार, विकणारा? तेवढ्या पैशात दोन सीसीआर येतात. एक चालू, एक कॉन्फिग टाकून तयार.

रॅकवाला
दोन काय, चार घ्या. 2018 विसरलात का? विनबॉक्समधल्या (मायक्रोटिक चालवायचं सॉफ्टवेअर) भोकाचा पॅच एप्रिलमध्येच आला होता, तरी पुढे कित्येक महिने लाखो मायक्रोटिक दुसऱ्याच कुणासाठी क्रिप्टो मायनिंग करत होते.

फायबरबुवा
विनबॉक्सचा 8291 पोर्ट साऱ्या जगाला उघडा ठेवायचा, अपडेट मारायचा नाही आणि नाव रीगाच्या कंपनीचं, म्हणजे मायक्रोटिकचं? मग मोठ्यांचंही काढतो. 12 ऑगस्ट 2014. इंटरनेटचं राउटिंग टेबल (कुठे कसं जायचं त्या मार्गांची यादी) 5,12,000 च्या वर गेलं आणि सिस्कोचे जुने 6500, 7600 गडबडले. टीकॅमची (ही यादी ठेवायच्या मेमरीची) वाटणी बदलून रीबूट, हाच इलाज. महागडी पेटी होती ना ती?

रॅकवाला
वाटणी आधीच बदलणाऱ्यांना काही झालं नाही. म्हणजे तुमचाच मुद्दा, फक्त माझ्या बाजूने. बाकी बीजीपीचं (नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग सांगण्याचं) म्हणाल, तर मायक्रोटिकच्या राउटरओएस सहामध्ये ते एकाच कोअरवर चालायचं. 36 कोअरच्या सीसीआरमध्ये 35 जण बघत बसायचे. सातमध्ये सुधारलं, मान्य.

ओएलटीताई
भांडण चालू द्या, पण मूळ प्रश्न रीबूटचा आहे. तालुकानेट, रीबूट नेमका कधी होतो? आणि पॉवर सप्लाय किती आहेत?

तालुकानेट
दोन आहेत, ताई. रीबूट होतो तो लाइट गेल्यावरच, आता लॉग जुळवून पाहिला. रॅकमागे वाकून बघितलं तर दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, बोर्ड एकाच इन्व्हर्टरवर. त्याच बोर्डात पोराने मोबाइलचा चार्जरही लावलाय.

फायबरबुवा
😄 आता या बोर्डाचा ब्रँड सांगा.

तालुकानेट
उद्या दुसरी लाइन आणि वेगळा यूपीएस टाकतो. पण एमएक्सचं मत कायम. लाइट आल्यावर 1,800 जण एकदम डायल करणार, ते काय बोर्ड सांभाळणार आहे?