किंगफिशचा '६६२': गिटारच्या पलीकडे

ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं पारंपरिक संगीत) गाणाऱ्या-वाजवणाऱ्या क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्रमच्या गिटारबद्दल सगळेच भरभरून बोलतात, त्याबद्दल दुमत नाहीच. पण त्याचा '६६२' (२०२१) हा अल्बम ऐकताना मला जास्त भिडला तो त्याचा आवाज. ६६२ हा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागाचा टेलिफोनचा एरिया कोड. तिथल्या क्लार्क्सडेलचा हा मुलगा, डेल्टा ब्लूज म्युझियमच्या वर्गांत शिकलेला. अल्बम आला तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा! बहुतेक गाणी त्याने निर्माता टॉम हॅम्ब्रिजच्या साथीने लिहिली आहेत, आणि त्यात जुन्या ब्लूजची नक्कल नाही, त्याचं स्वतःचं गाव आहे.

त्याची आई २०१९ मध्ये गेली. तिच्या आठवणीत गायलेलं 'रॉक अँड रोल' रात्री शांतपणे, हेडफोन लावून ऐका. मी सलग तीनदा ऐकलं.