नेस्टोरियस हरला तो तर्काने की सोन्याने?

पानगळ

एका मित्राशी वाद झाला, तो इथे आणतेय. त्याचं म्हणणं सरळ होतं: नेस्टोरियसने येशूचे दोन तुकडे केले, एक देव आणि एक माणूस, म्हणून चर्चने त्याला हाकललं, त्यात चुकलं काय? माझं म्हणणं असं की ज्या मतासाठी त्याला हाकललं ते मत त्याचं नव्हतंच. आणि जे त्याचं होतं, ते वीस वर्षांनी चर्चने जवळपास तसंच उचललं, फक्त त्याचं नाव शापाच्या यादीत ठेवून.

आधी एक सांगते, हा माणूस बिचारा वगैरे नव्हता. अँटिओकचा हा साधू ४२८च्या एप्रिलमध्ये कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप झाला आणि पहिल्याच प्रवचनात सम्राटाला म्हणाला, पाखंड्यांपासून मोकळी केलेली पृथ्वी मला द्या, मी तुम्हाला स्वर्ग देईन. पाच दिवसांत तो एरियन पंथीयांचं (येशूला पूर्ण देव न मानणाऱ्यांचं) प्रार्थनाघर पाडायला निघाला. त्यांनी वैतागून ते स्वतःच पेटवलं आणि आग शेजारच्या इमारतींना लागली. लोकांनी त्याचं नाव 'आगलाव्या' पाडलं. तीन वर्षांनी तोच पाखंडी ठरला, हा काव्यात्म न्याय मला मान्य आहे.

भांडण पेटलं ते 'थिओटोकोस' या एका शब्दावरून. अर्थ, देवाला जन्म देणारी. मारियेला सर्रास असं म्हटलं जायचं. नेस्टोरियस म्हणाला, देवत्वाला आरंभच नाही, तर स्त्रीच्या पोटी देवत्व कसं जन्मेल? 'ख्रिस्तोटोकोस' म्हणा, ख्रिस्ताला जन्म देणारी. त्यात देवही आला आणि माणूसही. यात तुकडे कुठे झाले?

आता इफिससची धर्मसभा बघा. सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने ती ४३१च्या जूनमध्ये बोलावली. अँटिओकचा योहान आणि त्याचे पूर्वेकडचे बिशप वाटेत होते. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल, नेस्टोरियसचा मुख्य विरोधक, थांबला नाही. ६८ बिशपांनी लेखी विरोध केला, सम्राटाचा प्रतिनिधी कँडिडियन विरोध करत राहिला, तरी २२ जूनला सभा सुरू झाली आणि त्याच दिवशी निकालही लागला. आरोपी हजर नाही, फिर्यादी तोच अध्यक्ष! चार दिवसांनी योहान पोचला आणि त्याने वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत केलं. सम्राटाने कमाल केली: दोन्हीकडचे निकाल मान्य करून नेस्टोरियस, सिरिल आणि इफिससचा बिशप मेम्नोन या तिघांनाही नजरकैदेत टाकलं.

मग दरबारात भेटी पोचल्या. सिरिलच्या एका सहकाऱ्याच्या पत्रासोबत यादीच टिकली आहे: गालिचे, हस्तिदंती आसनं, आणि हजार पौंडांहून जास्त भरेल एवढं सोनं. कोणत्या खोजाला किती, कोणत्या दासीला किती, सगळं नोंदलेलं. सिरिल अलेक्झांड्रियाला परतला विजयी वीर म्हणून. नेस्टोरियस आधी मठात गेला आणि काही वर्षांनी इजिप्तच्या वाळवंटात.

बोला आता.

तर्कटपंची

मांडणी झकास, पण गोष्ट निम्मीच सांगितलीत. लाच दिली म्हणून मत खोटं ठरत नाही. उद्या एखाद्या वकिलाने न्यायाधीशाला आंबे पाठवले तरी त्याचा अशील निर्दोष असू शकतो.

वाद 'येशूचे स्वभाव (देवपण, माणूसपण) किती' हा नव्हताच, 'कर्ता कोण' हा होता. मराठी व्याकरणानेच बघा. पाळण्यात रडला, लाजरसच्या कबरीपाशी रडला, क्रूसावर मेला, पाण्यावरून चालला, वादळ थांबवलं. क्रिया पाच, कर्ता कोण? सिरिल म्हणतो, सगळ्यांचा कर्ता एकच, देवाचा शब्द (म्हणजे देवाचा पुत्र), जो माणूस झाला. नेस्टोरियस काही क्रिया माणसाच्या खात्यात टाकतो, काही देवाच्या, आणि दोन्ही खाती 'ख्रिस्त' नावाच्या एका फाइलीत ठेवतो. फाइल एक असली म्हणून खातेदार एक होत नाही.

आणि हा शब्दच्छल नाही. क्रूसावर मेला तो नुसता एक पुण्यवान माणूस असेल, ज्याच्यात देव राहत होता, तर त्याच्या मरणाने जगाचं तारण कसं होणार? पवित्र माणसं आधीही मेली होतीच. निकियाचा विश्वासांगीकारही (चर्चने ठरवलेला श्रद्धेचा मजकूर) वाक्यरचनेने सिरिलच्या बाजूचा आहे: एकच प्रभू, देवाचा पुत्र, तोच खाली आला, तोच देहधारी झाला, त्यानेच दुःख सोसलं. इफिससमध्ये सिरिलचं पत्र या विश्वासांगीकाराला लावून तपासलं, मग नेस्टोरियसचं उत्तर तसंच तपासलं. एक बसलं, दुसरं बसलं नाही. घाई झाली, मान्य. निकाल मात्र बरोबर होता.

भोचक

इफिसस म्हणजे आर्टेमिस देवीचं गाव. देवीला काढली आणि आई बसवली. बाकी सगळा ग्रीक शब्दांचा धूर.

निरंजना

भोचक, हे वाक्य ऐकायला फार गोड आहे म्हणून सगळीकडे फिरतं. पण शब्द इफिससचा नाही. अलेक्झांड्रियाच्या बिशप अलेक्झांडरने तो या सभेच्या शंभरेक वर्षं आधी वापरला आहे. आणि ख्रिस्तीधर्म सोडलेल्या सम्राट ज्युलियनने ३६२-६३च्या सुमारास टोमणा मारला होता की तुम्ही मारियेला थिओटोकोस म्हणायचं थांबतच नाही! गंमत म्हणजे ज्युलियनचा तो ग्रंथ नष्ट झाला. त्यातले उतारे आज मिळतात ते मुख्यतः त्याचं खंडन करायला बसलेल्या माणसामुळे. तो माणूस म्हणजे हाच सिरिल.

त्या रात्री इफिससमध्ये मशाली आणि धूप घेऊन बायका बिशपांना मुक्कामापर्यंत सोडायला आल्या, असं सिरिलनेच लिहिलंय. लोकांना तो शब्द प्रिय होता एवढं नक्की. त्यामागे आर्टेमिस असायलाच हवी असं नाही.

वसईची वाट

मी वसईचा कॅथलिक. रोझरीत 'देवाची माता' हे शब्द लहानपणापासून तोंडात. धर्मशिक्षणाच्या वर्गात एकदा विचारलं होतं, "मग मारिया देवाच्या आधी होती का?" उत्तर मिळालं, गप्प बस. म्हणजे मी नऊ वर्षांचा असताना नेस्टोरियस होतो आणि माझी इफिससची सभा दोन सेकंदांत आटोपली.

पण एक भाषेचा मुद्दा. मराठीत 'माता' म्हटलं की नातं आलं, वडीलधारेपण आलं. ग्रीकमध्ये आईला 'मेटेर' हा वेगळा शब्द आहे. 'थिओटोकोस'मध्ये जन्म देण्याची क्रिया आहे. 'देवजननी' त्याच्या जास्त जवळचं. जननी म्हटलं की "कोणाला जन्म दिला?" एवढाच प्रश्न उरतो, आणि तिथे तर्कटपंचींचा कर्ता बरोबर बसतो. आई स्वभावाला जन्म देत नाही, कोणालातरी देते. माझ्या आईने 'मनुष्यत्व' प्रसवलं नाही, मला प्रसवलं.

तर्कटपंची

@वसईची वाट, शेवटची दोन वाक्यं मी उसनी घेणार. सिरिलने जवळजवळ हेच उदाहरण दिलंय: आई फक्त शरीराला जन्म देते, आत्मा तिचा नसतो, तरी तिला कोणी 'शरीराची आई' म्हणत नाही.

पानगळ

'जननी' मान्य. पण मग सिरिलच्या बाजूचा धोकाही बघा. सगळ्याचा कर्ता देवच, तर भूक कोणाला लागली? गेथसेमाने बागेत घाबरलं कोण? देव घाबरतो म्हणायचं, की ते नाटक होतं म्हणायचं? अँटिओकवाल्यांची भीती ही होती. अपोलिनारिस या बिशपाचं उदाहरण ताजं होतं: त्याने येशूचं मानवी मनच काढून टाकलं होतं आणि त्या जागी देवाचा शब्द बसवला होता. नाझियान्झसच्या ग्रेगरीने त्याला उत्तर दिलं की ख्रिस्ताने माणसाचं जे धारण केलं नाही ते बरंही झालं नाही. नेस्टोरियस तेच म्हणत होता, पूर्ण माणूस हवा.

आणि सिरिलचं आवडतं सूत्र, 'देवाच्या शब्दाचा एकच देहधारी स्वभाव'? त्याला वाटलं ते अलेक्झांड्रियाच्याच जुन्या थोर बिशपाचं, अथानासियसचं आहे. निघालं कोणाचं? अपोलिनारिसचंच! शिष्यांनी थोरांच्या नावावर खपवलेलं.

निरंजना

हे खरं आहे, आणि इथेच तुम्ही दोघंही एकमेकांना चुकवताय. 'स्वभावा'साठी ग्रीक शब्द 'फिसिस'. सिरिलच्या तोंडी 'फिसिस' म्हणजे समोर उभं असलेलं प्रत्यक्ष अस्तित्व. तो एकच असणार. अँटिओकच्या कानाला 'फिसिस' म्हणजे गुणधर्मांचा संच, देवपण आणि माणूसपण; ते दोनच असणार. ४३३मध्ये सिरिल आणि योहान यांचा समेट झाला, तो बराचसा अँटिओकच्या मसुद्यावर: दोन स्वभावांचं ऐक्य, आणि त्यातच थिओटोकोसही. सिरिलने सही केली आणि त्याचेच लोक त्याच्यावर चिडले.

पुढची पिढी जास्त कडू निघाली. ४४९मध्ये इफिससला पुन्हा सभा भरली. सिरिलच्या गादीवरचा डायोस्कोरस अध्यक्ष होता. कॉन्स्टँटिनोपलच्या फ्लावियनला अशी वागणूक मिळाली की तो थोड्याच दिवसांत मेला. रोमच्या पोप लिओने त्या सभेला 'दरोडा' म्हटलं. ४५०च्या जुलैमध्ये थिओडोसियस घोड्यावरून पडून गेला नसता तर तोच दरोडा आज अधिकृत श्रद्धा म्हणून शिकवला जात असता, हा विचार मला अस्वस्थ करतो. त्याची बहीण पुल्केरिया आणि मार्सियन सत्तेवर आले आणि ४५१च्या ऑक्टोबरमध्ये चाल्सिडॉनची सभा झाली. एक व्यक्ती, दोन स्वभाव. मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही.

चारही नकार! दोन स्वभाव एकत्र कसे येतात ते सांगितलंच नाही, कसे येत नाहीत तेवढं सांगितलं. मला ही त्या सभेतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

सह्याद्रीवारा

म्हणजे नेस्टोरियस मध्व, सिरिल शंकराचार्य आणि चाल्सिडॉन रामानुज. प्रश्न मिटला.

तर्कटपंची

नाही हो, मिटला कसला. आपल्याकडचा वाद जीव, जगत आणि ब्रह्म यांच्या नात्याचा, म्हणजे तुमच्या-माझ्यासकट सगळ्यांचा. तिथला वाद एका माणसापुरता, जो पंतियस पिलाताच्या काळात मेला. सिरिलला 'अहं ब्रह्मास्मि' ऐकवलं असतं तर त्याने तेरावं शापवचन लिहिलं असतं. बारा तर त्याने नेस्टोरियसविरुद्ध लिहिलेलीच होती.

आणि निरंजना, चाल्सिडॉन शहाणं असेल, पण तुम्ही ते पानगळताईंच्या पारड्यात टाकू नका. त्या व्याख्येत 'एक आणि तोच' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. थिओटोकोस आहे. दोन स्वभावांबद्दलचं लिओचं पत्रही बिशपांनी डोळे मिटून घेतलं नाही, सिरिलशी जुळतं का ते तपासून घेतलं. कसोटी सिरिलची होती.

निरंजना

मग सिरिलच्याच इजिप्तने ते का नाकारलं? चाल्सिडॉननंतर नेमलेला बिशप प्रोटेरियस ४५७मध्ये अलेक्झांड्रियाच्या जमावाने ठार मारला. कॉप्ट, आर्मेनियन, इथिओपियन आणि सिरियाक परंपरेचे बरेच ख्रिस्ती आजही चाल्सिडॉन मानत नाहीत, आणि ते स्वतःला सिरिलचेच वारस म्हणवतात. कसोटी सिरिलची असेल, पण त्याच्या घरच्यांना ती ओळखू आली नाही.

वसईची वाट

अवांतर, पण आपल्या दारातलं. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस लिहितो की 'कल्लियाना' इथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे. बरेच जण हे आपलं कल्याण मानतात, काही जण केरळातलं कोल्लम. पर्शियातलं ते चर्च म्हणजे पूर्वेचं चर्च, ज्याला पश्चिमेने 'नेस्टोरियन' म्हटलं. आणि चौदाव्या शतकात ठाण्याला आलेला फ्रान्सिस्कन साधू ओडोरिक तिथे नेस्टोरियनांची पंधरा घरं असल्याचं सांगतो, वर त्यांना पाखंडीही म्हणतो. इफिससचं भांडण लोकलच्या मार्गावर येऊन गेलं होतं म्हणा.

केरळात तर त्याहून भारी. १५९९मध्ये उदयम्पेरूरच्या सभेत पोर्तुगीजांनी तिथल्या ख्रिस्ती लोकांना नेस्टोरियसला शाप द्यायला लावला. १६५३मध्ये लोकांनी मट्टनचेरीला शपथ घेऊन जेझुइट पाद्र्यांचा अधिकार झुगारला. मग १६६५मध्ये त्यांना बिशप मिळाला तो अंत्युखियाच्या (अँटिओकच्या) चर्चचा, म्हणजे चाल्सिडॉन न मानणाऱ्या, सिरिलवाल्या गटाचा. एका टोकाकडून थेट दुसऱ्या टोकाला! त्या वेळी किती जणांनी स्वभाव मोजले असतील?

भोचक

हेच तर म्हणत होतो. सामान्य माणसाला आपला बिशप हवा असतो, स्वभाव एक की दोन ते गेलं तेल लावत.

तर्कटपंची

केरळात असेलही. पण मॅक्सिमस नावाच्या साधूने 'ख्रिस्ताला मानवी इच्छाशक्तीही होती' हे सोडायला नकार दिला म्हणून ६६२मध्ये त्याची जीभ आणि उजवा हात तोडला. त्याच्याकडे ना गादी होती ना सोनं. त्याला तेल लावायला सांगाल?

पानगळ

तर्कटपंची, तुमचा 'कर्ता' मला रात्रभर छळत होता. नेस्टोरियसला दोन खाती एका माणसात कशी येतात ते नीट सांगता आलं नाही, हे मी मान्य करते. त्याच काळातला इतिहासकार सॉक्रेटिसही म्हणतो की त्याच्यावरचे आरोप खरे नव्हते, पण तो अडाणी होता. 'थिओटोकोस' शब्दाचा त्याने उगाच बागुलबुवा केला. म्हणजे शीर्षकातला 'की' काढावा लागेल. थोडा तर्काने हरला, बाकी सोन्याने आणि तोंडाने.

पण तो 'नेस्टोरियन' होता हे मी अजून मानत नाही. ४३५मध्ये त्याची पुस्तकं जाळायचा हुकूम निघाला, तरी एक सिरियाक भाषांतरातून वाचलं आणि १९१०मध्ये छापलं गेलं. ते म्हातारपणी वनवासात लिहिलेलं आहे. लिओचं मत त्याच्यापर्यंत पोचलं होतं आणि वाचून त्याला वाटलं, हेच तर मी म्हणत होतो. मित्र म्हणाले, मग लिओला पत्र लिही. त्याने लिहिलं नाही. कारण दिलं ते असं की माझं नाव दिसलं तर लोक लिओचंही ऐकणार नाहीत.

१९९४मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या चर्चचे मार दिनखा यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मारियेला एका बाजूने 'ख्रिस्ताची माता' म्हणावं, दुसऱ्या बाजूने 'देवाची माता', आणि दोन्ही एकाच श्रद्धेची रूपं मानावीत. नेस्टोरियसचं नाव त्यात कुठेही नाही.