भावाची गोळी बंद करू का? ७ महिन्यांत १४ किलो वाढले

फोंड्याची ताई
धाकट्या भावाला (वय २६) स्किझोफ्रेनिया आहे. ओलॅन्झापिन सुरू झाल्यापासून कानातले आवाज थांबले, तो पुन्हा आमच्यात येऊन बसतो. पण ६१ चा ७५ किलो झाला. रात्री पोटभर शीत-कडी जेवतो आणि तासाभरात परत टोपातलं झाकण वाजतं. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू ऐकला की चार पाव. शेजारी म्हणतात, बसून खातो, दुसरं काय! काल गणेशचवथीची पँट कमरेला लागेना, तेव्हा ती मांडीवर घेऊन कितीतरी वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, गोळी बंद करूया." काय सांगू त्याला?

मुलाची आई, म्हापसा
बाय, आपल्या मनाने बंद करू नको. आम्ही केली होती. तीन आठवड्यांत मुलाची झोप उडाली, दीड महिन्यात पुन्हा अ‍ॅडमिट. आणि हा हावरेपणा नव्हे गं. ही गोळी मेंदूतले हिस्टामिन-सेरोटोनिनचे काही रिसेप्टर (संदेश घेणाऱ्या जागा) अडवते, त्यामुळे जेवूनही भूक भागत नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचार: अरिपिप्राझोलसारखं कमी वजन वाढवणारं औषध चालेल का? मधुमेहावरचं मेटफॉर्मिन जोडता येईल का? साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब तपासून घे. कमरेचा घेरही मोज, आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत हवा.

मडगावचा कार्यकर्ता
त्याला नुसतं "चालायला जा" सांगू नका, सोबत जा. इंग्लंडमध्ये अशाच ४१४ रुग्णांपैकी निम्म्यांना आहार-व्यायामाचे थोडे वर्ग दिले, वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनात फरक नाही. अमेरिकेत मेरीलँडला मात्र १८ महिने सगळ्यांसोबत व्यायाम करून घेतला. २०१३ साली निकाल आला, इतरांपेक्षा सरासरी ३.२ किलो कमी. आकडा लहान वाटेल, पण या रुग्णांना हृदयविकार लवकर गाठतो, तिथे तेवढाही उपयोगी. गोड सरबतं आधी बंद करा. पेज, भाजी, कालवणातला मासा चालेल. रव्यात तळलेला रोज नको.

फोंड्याची ताई
मावशी, तुमचं उत्तर त्याला वाचून दाखवलं. "म्हणजे माझी चूक नाही?" एवढंच विचारलं त्याने. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी दोघं सफा मशिदीच्या तळीपर्यंत चालत गेलो. तो दोनदा दमून थांबला, मीही थांबले. सोमवारी बांबोळीच्या हॉस्पिटलची तारीख आहे. वजनाची वही आणि हे प्रश्न लिहून नेते. पोदेराला दोनच पाव सांगितलेत, तेही पोये, म्हणजे कोंड्याचे.