जेनिफर हे नाव एकदम एवढं कॉमन का झालं?

पुस्तककिडा: अमेरिकेत ऑफिसला माझ्या टीममध्ये तीन जेनिफर आहेत, तिघीही पन्नाशीच्या आसपास, पण लहान मुलींमध्ये एकही जेनिफर ऐकली नाही अजून. हे नाव आलं कुठून आणि गेलं कुठे?

शब्दवेडी: मूळ वेल्श आहे, ग्वेनह्विवार, म्हणजे राजा आर्थरची राणी ग्विनिविअर, त्यातला 'ग्वेन' म्हणजे गोरी, शुभ्र. जेनिफर हे त्याचं कॉर्नवॉलकडचं, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडचं रूप, तिकडे ते टिकून होतं पण बाकी इंग्लंडात फारसं कुणाला माहीत नव्हतं, मग १९०६ मध्ये बर्नार्ड शॉने नाटकातल्या नायिकेला ते दिलं आणि ते बाहेर पडलं. मला तर हे फार भारी वाटतं, एका कोपऱ्यातलं नाव जगभर जातं!

आकडेमोड: अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याच्या बाळांच्या नावांच्या यादीत १९७० ते १९८४ सलग १५ वर्षं पहिला नंबर जेनिफरचा, म्हणून तुमच्या तिघी त्या वयाच्या. त्याआधी १९६२ ते १९६९ लिसा होती, आणि तिच्याआधी मेरीचं राज्य होतं, फक्त १९४७ ते १९५२ लिंडाने तिला मागे टाकलं, कारण त्याच नावाचं गाणं तेव्हा तुफान गाजत होतं.

पुस्तककिडा: अरे वा, आणि आता?

आकडेमोड: २०१४ पासून एमा, २०१९ पासून ऑलिव्हिया. एमा तर एकोणिसाव्या शतकातही जोरात होतं, म्हणजे पणजीचं नाव परत आलं. आईच्या पिढीचं नाव मुलीला जुनाट वाटतं, पणजीचं गोड वाटतं.

शब्दवेडी: आपल्याकडे रमा परत आली तसंच!