जर्मनीत 'एफकेके'ला पहिल्यांदा जाताना: जागा, नियम, तयारी

रानवाट

आम्ही दोघं नवरा-बायको म्युनिकला राहतो. अंगावर एकही कपडा न ठेवता ऊन, वारा, पाणी अनुभवावं अशी दोघांचीही बरेच दिवसांची इच्छा आहे. इथे एफकेके, म्हणजे फ्रायक्योर्परकुल्टुर (उघड्यावर नग्न वावरण्याची पद्धत), राजरोस चालतं हे माहीत आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. शांत जागा कोणती? कायदा नेमका काय म्हणतो? सोबत काय न्यावं? आपल्या सावळ्या कातडीला सनस्क्रीन लागतंच का? आणि पुढेमागे जंगलात असं चालायचं झालं तर?

इसारकाठ

आधी कायदा. नुसतं नग्न असणं जर्मनीत गुन्हा नाही. फौजदारी संहितेचं कलम १८३ लैंगिक हेतूने अंगप्रदर्शन करणाऱ्या पुरुषासाठी आहे. भलत्या ठिकाणी कपडे काढले आणि कुणी तक्रार केली, तर किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यातल्या कलम ११८ खाली दंड होऊ शकतो. म्हणून सुरुवातीला पाटी लावलेल्या जागीच जा.

म्युनिक महापालिकेने २०१४ मध्ये अशा सहा जागा नेमून दिल्या. इंग्लिशर गार्टन या बागेतली श्योनफेल्डवीझ ही हिरवळ सगळ्यात प्रसिद्ध, पण ती भर शहरात आहे आणि पर्यटकांची वर्दळ असते. पहिल्या वेळेला मी ती सुचवणार नाही. फेल्डमोखिंगर तलाव बरा. एस१ लोकल किंवा यू२ मेट्रोने फेल्डमोखिंगला उतरून चालत जाता येतं. शनिवार-रविवार टाळून सकाळी आठ-नऊला पोहोचा. त्या वेळी गवतावर दव असतं, माणसं तुरळक आणि ऊन कोवळं.

इंग्लिशर गार्टनमधून वाहणाऱ्या आइसबाख ओढ्यात उतरू नका. तिथे पोहायला बंदी आहे, आणि प्रवाहाच्या जोरामुळे जीव गेलेले आहेत. इसार नदी भर जुलैतही थंडगार असते. एकदम उडी मारली की श्वास अडकतो. आधी मनगटं, मान, छाती ओली करा आणि मग हळूहळू आत जा.

वागणुकीचे नियम थोडे, पण पक्के. बसाल तिथे खाली स्वतःचा टॉवेल हवाच. फोन पिशवीत राहू दे. कॅमेरा वर दिसला की लोक बिथरतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. शेजाऱ्यापासून चार-पाच मीटर लांब पथारी टाका, 'हालो' म्हणा, टक लावून बघू नका. एफकेके पट्ट्यात कपडे घालून बसून राहणं इथे असभ्य मानतात. पुरुषांना एक शंका हमखास असते: शरीराने दगा दिला तर? पालथं पडा किंवा टॉवेल ओढून घ्या. थोड्या वेळात निवतं, आणि त्याचा कुणी बाऊ करत नाही.

मृद्गंध

रानवाटताई, सनस्क्रीन लागतंच. सावळी कातडी उशिरा भाजते, पण भाजते. त्यातही नितंब, स्तन, जांघा, ओटीपोट या भागांनी जन्मात ऊन पाहिलेलं नसतं, तिथे हातापायांचा हिशोब चालत नाही. पहिल्या दिवशी या भागांना पंधरा-वीस मिनिटं ऊन, मग सावली. दर वेळी थोडं वाढवत न्या.

प्रमाणात बहुतेकांची गल्लत होते. बाटलीवरचा एसपीएफ आकडा चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम थर धरून काढलेला असतो. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला त्या हिशोबाने साधारण ३५ मिली लागतं, म्हणजे सात छोटे चमचे. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायचं. २०० मिलीची बाटली दोघांना एक दिवससुद्धा जेमतेम पुरते. लोक याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग क्रीमला नावं ठेवतात. कपडे घरीच काढून, उघड्या अंगाला लावून अर्ध्या तासाने निघा. जननेंद्रियांवर स्प्रे मारू नका, आग होते. तिथे सावली किंवा कापड बरं.

कापड म्हणजे आपला पंचा. पातळ, घडी केली की मुठीएवढा, ओला झाला तर लगेच वाळतो. बसायला, गुंडाळायला, डोक्यावर घ्यायला उपयोगी. जाड टर्किश टॉवेल वेगळा न्या, गवताच्या काड्या आणि मुंग्या त्यातून टोचत नाहीत.

आता ज्यासाठी जायचं त्याबद्दल. पाण्यातून बाहेर आल्यावर अंग पुसू नका. उभे राहा, वाऱ्याकडे पाठ करा, मग तोंड. थेंब उडून जाताना कातडी थंड पडते. पाठीच्या कण्यावर, गुडघ्यांमागे, काखेत वारा वेगवेगळा लागतो. पोहण्याचा ओला पोशाख मात्र अंगाला चिकटून झाकलेला भाग नुसता गार ठेवतो. ढग सूर्यावर आला की सगळ्या अंगाला एकदम कळतं. कानात इअरफोन घालून हे होत नाही. शहारे थांबेनासे झाले तर मात्र लगेच कोरडे होऊन कपडे चढवा.

हार्झयात्री

जंगलासाठी: सॅक्सनी-अनहाल्टमध्ये हार्झच्या डोंगरात डांकेरोडेजवळ नग्न चालणाऱ्यांसाठी आखलेली वाट आहे. सुमारे १८ किलोमीटर, २०१० पासून. वाटेवर पाट्या आहेत, त्यामुळे समोरून येणाऱ्याला धक्का बसत नाही.

बूट आणि मोजे घालायचेच, टोपीही. खरी अडचण पाठपिशवीची. पट्टे उघड्या खांद्यावर घासतात, घाम आणि मीठ साचलं की दोन तासांत कातडी सोलवटते. कमरेला रुंद पट्टा असलेली पिशवी घ्या, वजन पाच-सहा किलोंच्या आत ठेवा, पाठ आणि पिशवी यांच्यामध्ये पंचा घाला. मांड्यांच्या आतून आणि पट्ट्यांखाली व्हॅसलीन. कपडे पिशवीत सगळ्यात वर, हाताला लगेच येतील असे. झाडीतून उघड्या माळावर आलात की वारा झोंबतो. खाजकुइलीसारखी आग करणारी नेटल इथे वाटेच्या कडेला सर्रास असते, म्हणून रुंद वाट सोडू नका.

गोचीड हा सगळ्यात मोठा धोका. बव्हेरिया जवळपास सगळा एफएसएमई या मेंदूज्वराच्या जोखमीच्या भागात येतो. लस घ्या. तिचे तीन डोस असतात, पहिले दोन एक ते तीन महिन्यांच्या अंतराने, म्हणून हिवाळ्यातच सुरुवात करा. गोचिडीतूनच येणाऱ्या बोरेलिया या जिवाणूवर लस नाही, तिथे तपासणीच करावी लागते. घरी आल्यावर एकमेकांचं अंग पाहा: जांघा, काखा, बेंबी, गुडघ्यांमागे, कानांमागे, केसांच्या कडेला. अगदी लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. तेल, डिंक काही लावू नका, ती गुदमरून आतलं ओकते. बोरेलिया अंगात शिरायला बहुधा बारा तासांहून जास्त लागतात, म्हणून त्याच संध्याकाळी पाहणं महत्त्वाचं. पुढच्या काही आठवड्यांत पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरकडे जा.

रानवाट

खूप आभार सगळ्यांचे. अजून दोन गोष्टी. पाळीत काय करायचं? आणि डिसेंबरात गोव्याला जाणार आहोत, तिथे एखाद्या निर्जन किनाऱ्यावर चालेल का?

मृद्गंध

टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप. टॅम्पॉनची दोरी आत सारून ठेवतात. चड्डी घालून बसलात तरी कुणी काही म्हणत नाही.

इसारकाठ

गोव्यात नको. किनारा निर्जन दिसला तरी ती सार्वजनिक जागाच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६, म्हणजे जुनं २९४, लागू शकतं. तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यापेक्षा ऑगस्टमध्ये बाल्टिकला प्रेरोला जा. एफकेकेसाठी तो किनारा जुना आणि नावाजलेला आहे. तिकडे वारा जोराचा, म्हणून वारा अडवायचं कापड आणि काठ्या न्या.